बायकोचं हृदय घेऊन उल्हासनगरला

बायकोचं हृदय तपासायला मी तिला गुडघ्यांच्या दुकानात घेऊन गेलो.

लोकांची प्रवासवर्णनं विमानतळावर सुरू होतात, गेला बाजार एखाद्या घाटात. आमचं सुरू झालं अंबरनाथमधल्या एका स्कॅन सेंटरच्या काउंटरपाशी, सकाळी साडेनऊ वाजता. शुभाच्या पोटात आदल्या संध्याकाळच्या मुगाच्या खिचडीनंतर काही नव्हतं. मीही तिच्यासोबत उपाशी आहे असं सांगून निघालो होतो. माझ्या स्वेटरवर खारीचे पापुद्रे होते, त्यामुळे ते तिने मनावर घेतलं नव्हतं.

"काका, चिठ्ठीवर कार्डियाक लिहिलंय," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "इथे गुडघे होतात, मणके होतात, डोकी होतात. हृदय नाही होत."

"बाहेर बोर्डावर एमआरआय लिहिलंय ना पण?"

"अहो, गुडघ्याला गप्प बस म्हटलं की बसतो. हृदय बसतं का? हलत्या वस्तूचे फोटो काढायचे तर वेगळी तयारी लागते, वेगळे डॉक्टर लागतात. फोनवर तुम्ही नुसतं 'एमआरआय' म्हणालात."

म्हणालो होतो. मी इथल्याच एका कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअर्स सांभाळतो. 'बोल्ट पाहिजे' एवढंच लिहून कुणी मागणी पाठवली, तर माप कुठाय म्हणून मी ती परत पाठवतो, वर लाल शाईने शेरा मारतो. आणि बायकोच्या हृदयाची मागणी मी बिनमापाची लिहून आलो होतो.

शुभा शांतपणे शाल सारखी करत म्हणाली, "डोकी होतात म्हणाल्या ना त्या? मशीन रिकामी दिसतेय. तुमचं करून घेऊ या."

आधी थोडं मागे

ज्यांना हा प्रवास करावा लागला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लागू नये, हीच इच्छा. पण लागलाच तर निदान चिठ्ठी नीट वाचा.

आम्ही बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहतो, नदीच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत शुभाने फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली आणि तिची दोन बोटं खडूसारखी पांढरी झाली. मग निळी, मग लाल. आम्ही हसलो. त्याच महिन्यात आम्ही हिमाचलला जायचं ठरवलं होतं. तिला बर्फ बघायचा होता. हातात घेऊन बघायचा होता, खिडकीतून नाही. लोकरीचे हातमोजे आणले होते, कानटोप्या आणल्या होत्या. बोटं काही सुधारली नाहीत. पुढे कातडी ताठ होत गेली, मूठ मिटेना, आणि आजाराला नाव मिळालं: स्क्लेरोडर्मा. शरीर आपलंच कातडं शिवणीत घट्ट घेतल्यासारखं आवळत नेतं. कधी कधी कातड्याच्या आतही शिरतं, अन्ननलिकेत, फुप्फुसात. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बर्फाचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. ते हातमोजे ती आता ओट्यावर भाजी धुण्याआधी चढवते, त्यावर रबरी मोजे.

चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही आवळल्या गेल्या. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा विचारलं, "अहो, कुठलं क्रीम लावता? दहा वर्षांनी लहान दिसता." शुभा म्हणाली, "दुकानात नाही मिळत हो ते."

हृदयाची गोष्ट मात्र माझ्यामुळे उशिरा निघाली. जिना चढताना छातीत फडफडतं, असं ती सांगायची. मी आमच्या घरातला बिनपदवीचा डॉक्टर. माझ्याकडे रोग एकच, गॅस. आणि औषध एकच, ओवा. सहा महिने मी तिला ओवा चावायला लावला. शेवटी ती आपणहून अंबरनाथच्या संधिवाताच्या डॉक्टर मॅडमना म्हणाली, आणि त्या खुर्चीत सरळ झाल्या. ईसीजीत मधूनमधून ठोका चुकत होता. इको मात्र छान आला. मी पेढे आणायच्या बेतात होतो.

मॅडम म्हणाल्या, "इको छान आहे, म्हणजे हृदय पाणी उपसायचं काम नीट करतंय. पण भिंतीच्या आत काय चाललंय ते इको सांगत नाही. तुम्ही राहता कुठे?"

"मांजर्लीत."

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. पूर येऊन गेला की तळमजल्याची घरं बघता ना? चार दिवसांनी सगळीकडून पाणी निघून जातं. राहतं कुठे?"

"जिथे फरशी खचलीय तिथे. आणि भिंतीत. रंग कोरडा दिसतो, आत ओल असते."

"अगदी तसंच. एमआरआयमध्ये आपण शिरेतून एक औषध सोडतो. चांगल्या स्नायूतून ते निघून जातं. जिथे डाग पडलाय तिथे रेंगाळतं आणि फोटोत पांढरं दिसतं. सूज असली तर तीही कळते. या आजारात हृदय आधी गुपचूप बिघडतं, हो. गाजावाजा व्हायच्या आत बघून घेऊ."

मी मान हलवली. शुभाने विचारलं, "आणि निघालं काही, तर?"

"तर लवकर सापडलं म्हणायचं," मॅडम म्हणाल्या. 'नाही निघणार' असं त्या म्हणाल्या नाहीत, हे आम्हा दोघांच्याही स्कूटरवर बसल्यावर लक्षात आलं.

अंबरनाथ, तसंच पुढे

तर त्या शनिवारी गुडघ्यांच्या दुकानातून बाहेर पडलो, तेव्हा दहाही वाजले नव्हते. अख्खा दिवस हातात आणि शुभा उपाशी. कोपऱ्यावरच्या उडप्याकडे तिने इडली सांबारात पूर्ण भिजवून, बारीक घास करत खाल्ली. घास तिला हळू उतरतो. पूर्वी माझं जेवण होईतो तिची पाठ वळलेली असायची. आता मी हात धुऊन येतो आणि ती अर्ध्यावर असते. मला ते बरं वाटतं आणि वाईटही वाटतं. दुसरी कॉफी मागवून मी बसून राहतो.

"देवळात जाऊ या," ती म्हणाली.

अंबरनाथचं दगडी शिवमंदिर तुम्ही पाहिलं नसेल तर बघा. त्यासाठी हृदयाची तक्रार असायला हवी असं नाही. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आमचा बघण्याचा कार्यक्रम शुभाच्या मामांच्या घरी इथेच झाला होता. मग 'जरा देऊळ दाखवून आण गं पाहुण्यांना' म्हणून आम्हाला पाठवलं होतं, मागे राखणदारीला तिची मामेबहीण. शुभा पायऱ्या धावत उतरली होती, दर्शन घेऊन धावतच वर आली होती, आणि मी शेवटच्या पायरीवर धापा टाकत होतो. तिने हात दिला आणि मला वर ओढलं. तेवढ्यावर माझा होकार ठरला. हात ऊन होता, भाकरी उतरवून आल्यासारखा. घरी जाताना मी माझा तळवा दोन-तीनदा बघितला होता.

आता ती पायऱ्यांच्या तोंडाशी थांबली. "तुम्ही जाऊन या. मी इथे आहे."

मी एकटा उतरलो. घंटा वाजवली, हात जोडले, आणि काय मागायचं ते नेमकं सुचेना. इथेही बिनमापाची मागणी नको म्हणून जरा थांबलो. 'तिचा तो पूर्वीचा ऊन हात' असं काहीतरी पुटपुटलो आणि वर आलो.

शुभा बाहेरच्या भिंतीपाशी उन्हात उभी होती. मोजे काढून तिने दोन्ही तळवे एका कोरलेल्या हत्तीच्या पाठीवर दाबून ठेवले होते. डोळे मिटलेले.

"काय गं?"

"दगड तापलाय छान," ती म्हणाली. "हात लावून बघा."

मी लावला. दगड खरंच ऊन होता. आम्ही दोघं त्या हत्तीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिलो. एक बाई आमच्याकडे बघून हत्तीच्या पाया पडून गेल्या.

मांजर्ली : श्वास धरण्याची शाळा

हृदयाचा एमआरआय करणारी जागा उल्हासनगरला सापडली. ठाण्याहून एक डॉक्टर तिथे फक्त शनिवारी येतात आणि अडीचला परत निघतात, असं कळलं. या वेळी फोनवर मी माप, साइज, सगळं सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, श्वास रोखायची प्रॅक्टिस करून आणा काकूंना. श्वास घ्यायचा, पूर्ण सोडायचा, आणि तसंच थांबायचं. दहा-पंधरा सेकंद. तीस-चाळीस वेळा करायला लागेल."

हा आठवडाभराचा मुक्काम होता, म्हणून प्रवासवर्णनात घेतोय. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की शुभा पलंगावर आडवी, आणि मी घड्याळ घेऊन खुर्चीत. "घ्या. सोडा. थांबा." पहिल्या दिवशी ती आठ सेकंद थांबली. मी म्हटलं, जमेल गं, सोपं आहे, बघ, मी दाखवतो. श्वास भरून छाती फुगवून थांबणं सगळ्यांना येतं. सोडून रिकामं थांबणं वेगळं आहे. सहाव्या सेकंदाला मी खोकत उठलो.

"तुम्ही बाहेरच थांबा त्या दिवशी," ती म्हणाली.

गुरुवारपर्यंत ती चौदावर गेली. मोजताना मी तिच्या छातीकडे बघायचो. ती हलत नसायची. घड्याळाचा काटा तेवढा हलायचा. चौदा सेकंद म्हणजे काही फार नाही, दाराची कडी लावून गॅस बघून येईपर्यंत होतात. पण मला तेवढ्यात लग्नापासूनचं सगळं आठवून व्हायचं. तिने श्वास घेतला की मी वहीत आकडा लिहायचो आणि पाणी प्यायला आत जायचो.

शुक्रवारी सेंटरचा फॉर्म फोनवर आला. अंगावर किंवा अंगात धातू आहे का? पेसमेकर, स्क्रू, पट्ट्या, दातांची तार, दागिने. स्टोअर्सच्या माणसाला असला फॉर्म म्हणजे मेजवानी. मंगळसूत्र, कुड्या, जोडवी आम्ही काढून डबीत ठेवली. जोडव्यांना साबण लागला. मी प्रत्येक ओळीपुढे 'नाही' लिहिलं आणि सही ठोकली.

उल्हासनगर : हात मोकळा

शनिवारी सकाळी आठला निघालो. जानेवारीतली बदलापूरची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते, पण नदीकाठी धुकं असतं आणि स्कूटरवर दात वाजतात. शुभा मागे बसली. पूर्वी तिचा एक हात माझ्या खांद्यावर असायचा. खड्डा आला की बोटं रुतायची, आणि रुतली की मी मुद्दाम अजून एक खड्डा शोधायचो. आता वारा लागू नये म्हणून ती दोन्ही हात शालीत धरते. खांदा हलका लागतो. मागे आहे ना, म्हणून मी आरशात बघत राहतो.

"पुढे बघा," मागून आवाज येतो. म्हणजे आहे.

अंबरनाथ मागे पडलं की पाट्या बदलतात. देवनागरीशेजारी सिंधी अक्षरं दिसू लागतात. बदलापुरात दुकानदार आधी 'नाही' म्हणतो, मग उठून बघतो. आणि दुपारी एक ते चार तर तो बघतही नाही. उल्हासनगरात 'नाही' हा शब्द दुकानात ठेवतच नाहीत. "मिल जाएगा, साईं, बैठो," म्हणतात, आणि माणूस मागच्या गल्लीत पळतो. मला आयुष्यभर असं एक स्टोअर्स चालवायची इच्छा होती.

सेंटरमध्ये तपासणी करणारी मुलगी आमच्या बदलापूरचीच, शिरगावातली निघाली. 'काकू, काकू' करत तिने शुभाचा ताबा घेतला. रक्ताचे रिपोर्ट बघितले, लोकरीच्या मोज्यांना कुठे हूक-चेन नाही ना हे चाचपलं. मग तिची नजर शुभाच्या डाव्या मनगटावर गेली.

"काकू, ही बांगडी?"

आम्ही दोघांनीही त्या मनगटाकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं. माझ्या आईने लग्नात घातलेली सोन्याची बांगडी. सत्तावीस वर्षांत ती उतरलेली मी पाहिली नव्हती. दागिने म्हटल्यावर माझ्या डोक्यात गळा आला, कान आले, पाय आले. ही आली नाही. ती मला शुभाचं मनगटच वाटायची.

"सोन्याला चुंबक ओढत नाही ना गं?" शुभा म्हणाली. "मला वाटलं, चालेल."

"ओढत नाही काकू, पण गरम होऊ शकतं. आणि सोन्यात काय मिसळलंय, कोणाला माहिती? काढावीच लागेल."

साबण झाला, जेल झालं, प्लास्टिकची पिशवी झाली. बांगडी उतरायला अंगठा आत दुमडावा लागतो, तळहाताची होडी करावी लागते. शुभाच्या हाताची होडी होईना. एकदा तिने ओठ दाबले आणि मी त्या मुलीला म्हटलं, "पुरे."

"साडेअकराचा नंबर एकला घेते मी," ती म्हणाली. "पण एकच्या पुढे सर नवीन पेशंट घेत नाहीत. समोरच्या गल्लीत सोनार आहेत. भागो काका, भागो."

पहिल्याच दुकानात चष्म्यावर भिंग लावलेले एक म्हातारे सिंधी गृहस्थ बसले होते, शेजारी त्यांची बायको मटार सोलत होती. "अचो साईं, अचो," म्हणत त्यांनी स्टूल पुढे केलं. मी घाईघाईत सगळं सांगितलं: मशीन, हृदय, एक वाजता. त्यांनी शुभाचा हात हातात घेतला आणि चमकून वर बघितलं.

"ताई, हाथ इतना ठंडा?"

"सवयीचा आहे," शुभा म्हणाली.

त्यांनी हात हलकेच वळवून बघितला, अंगठ्याचं मूळ दाबून बघितलं आणि मान हलवली. "नहीं निकलेगा. ज़ोर करूँगा तो चमड़ी फटेगी. काटना पड़ेगा."

आमच्यात बांगडी तुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि बाईच्या धन्याने समोर उभं राहून कापून घ्यायची, म्हणजे... मला आई दिसायला लागली.

शुभानेच हात पुढे केला. "वाढवा."

"क्या बढ़ाऊँ? बड़ा बनाना है?"

"काटो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्यांनी बांगडी आणि कातडीच्या मधे चामड्याची पट्टी सरकवली आणि बारीक करवत चालवली. एवढी बारीक करवत, आणि आवाज मात्र अख्ख्या दुकानात. दोन जागी कापल्यावर बांगडी दोन चंद्रकोरी होऊन कापडावर पडली. मनगटावर तिची जागा गोरीपान होती, कडेने दबलेली. शुभाने लगेच दुसऱ्या हाताने ती झाकली.

"खाली हाथ नहीं भेजना," म्हातारीबाई मटार बाजूला ठेवत म्हणाल्या. देवळीतून त्यांनी लाल सुताचा धागा काढला. त्यात जरीची तार नाही ना, हे नवऱ्याने भिंगाखाली बघून दिलं. मग त्या उठल्या, शुभाच्या मनगटाला तीन वेढे देऊन गाठ मारली आणि गाठीवर आपला अंगठा जरा वेळ दाबून धरला. आमच्याकडेही बांगड्या बदलताना मनगट ओकंबोकं ठेवत नाहीत. काहीतरी एक हातात राहू देतात. तेच इथे.

"बुधवार को आओ," म्हातारे म्हणाले. "एक तरफ़ कब्ज़ा, एक तरफ़ पेंच लगा दूँगा. खोलो, पहनो. हाथ को तकलीफ़ नहीं. सोना वही."

आम्ही धावत निघालो. म्हणजे मी धावलो, मग आठवण होऊन उभा राहिलो. शुभा आपल्या चालीने येत होती, लाल धाग्याचा हात छातीशी धरून.

उल्हासनगर : काचेपलीकडे

बरोबर पावणेएकला तिला आत नेलं. छातीवर ईसीजीच्या तारा, हातात मोजे, वरून ब्लँकेट. दार बंद झालं आणि आतून बाजारातल्या पत्र्याच्या कारखान्यासारखा ठोकण्याचा आवाज सुरू झाला. मधूनच थांबायचा, आणि त्या मुलीचा माइकवरचा आवाज बाहेर ऐकू यायचा: "काकू, श्वास घ्या... सोडा... थांबा."

मी बाकावर बसून श्वास घेतला, सोडला, थांबलो. पाच-सहा वेळा झाल्यावर शेजारी पाठीचा पट्टा बांधून बसलेल्या माणसाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "अंकल, तबियत ठीक है ना? किसी को बुलाऊँ?"

सत्तावीस वर्षांत आम्ही यापेक्षा किती लांब राहिलोय. ती बाळंतपणाला माहेरी होती, मी ट्रेनिंगला महिना महिना बाहेर. पण त्या वेळी पत्र लिहिता यायचं, फोन करता यायचा. इथे मधे एकच भिंत होती, आणि मला तिला एवढंही विचारता येत नव्हतं की थंडी वाजते का गं. लांब गेलेल्या माणसाची आठवण येते ते कळतं; पंधरा फुटांवर झोपलेल्या बायकोची इतकी आठवण येईल, हे मला ठाऊक नव्हतं.

पाऊण तासाने ती मुलगी दार किलकिलं करून म्हणाली, "काका, औषध दिलंय, आता दहा मिनिटं थांबायचंय. सर चहा घेताहेत. बघायचंय? एकच मिनिट हं."

स्क्रीनवर एक काळी-करडी वस्तू मिटत होती, उघडत होती. मला वाटलं होतं लाल काहीतरी असेल. तिने बोटाने दाखवलं. "हे डावं, हे उजवं. ही मधली भिंत. हे काकूंचं आत्ताचं नाही हं, मघाशी घेतलेलं, पुन्हा पुन्हा फिरतंय."

मी बघत राहिलो. एवढंसं होतं, मिटलेल्या मुठीएवढं. शुभाला आता मिटता येत नाही तेवढी मूठ आत मिटत होती, उघडत होती, कुणी न सांगता. मला तिला हाक मारावीशी वाटली.

"छान चाललंय ना?" मी विचारलं.

"ते सर सांगतील काका," ती म्हणाली. मग काचेतून आत बघत जरा हळू आवाजात, "काकूंनी एकदाही श्वास चुकवला नाही. आमच्याकडे जवान माणसं रडतात."

शुभा बाहेर आली तेव्हा मोज्यांतली बोटं पांढरी पडली होती. मी ती माझ्या दोन तळव्यांत धरली आणि बाकावर बसलो. पट्टेवाल्या माणसाने सरकून जागा दिली. निळी व्हायला किती वेळ, लाल व्हायला किती, हे मला आता पाठ आहे. माझ्या हातात ते हात म्हणजे पहाटेचे नळ. मी देवळाच्या शेवटच्या पायरीवर असतो त्या वेळी, दर वेळी, आणि वर हात द्यायला कुणी नसतं.

बाहेर येऊन दाल-पकवान खाल्लं. पकवान म्हणजे आमच्या कडक पुरीचा मोठा भाऊ, आणि वर घट्ट चण्याची डाळ. शुभाने पकवान डाळीत मोडून, पूर्ण मऊ होऊ देऊन खाल्लं. गाडीवाल्याला ते बघवेना. "भाभी, कुरकुरा खाने की चीज़ है!" ती म्हणाली, "भैया, आम्ही बदलापूरचे. आमच्याकडे सगळं भिजूनच मिळतं." तो हसला आणि अजून डाळ वाढली. पुष्कळ दिवसांनी तिने बोटं चाटली. लाल धाग्याला डाळ लागली, तीही.

पुन्हा अंबरनाथ

बुधवारी आधी सोनाराकडून बांगडी आणली. तिला आता लहानशी बिजागरी आहे आणि दाण्याएवढा पेच. तो मला लावता येतो; शुभाला नाही. त्यामुळे रोज सकाळी ते काम माझ्याकडे आलंय. धागाही तिने ठेवलाय.

मग मॅडमकडे. त्यांनी रिपोर्ट वाचला, मग स्क्रीनवर फोटो उघडले आणि खुर्ची आमच्या बाजूला वळवली. डॉक्टर खुर्ची वळवतात तेव्हा काय असतं, ते सांगायला नको.

"पंपिंग उत्तम आहे. पण भिंतीत थोडी सूज आहे. आणि इथे, हे बघा, ही बारीक पांढरी रेघ. डाग आहे. लहान आहे."

"म्हणजे हृदयात शिरलंय," शुभा म्हणाली.

"शिरायला लागलंय. इको अजून वर्ष-दोन वर्षं काही बोलला नसता. आपण औषध बदलू, वाढवू. सूज कमी होऊ शकते. डाग पुसता येणार नाही, पण वाढू नये म्हणून खूप काही करता येतं. बरं झालं, लवकर आलात."

'लवकर' ऐकून मी खुर्चीत पुढे सरकलो. "मॅडम, लवकर कसलं? ही सहा महिने..."

टेबलाखाली शुभाची चप्पल माझ्या पायावर आली. "दोन-तीन महिने होत होतं थोडं थोडं," ती मॅडमना म्हणाली. "मीच लक्ष दिलं नाही."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि कागदावर सहा लिहिलं. "दर महिन्याला रक्त. जिने जपून. आणि वर्षाने पुन्हा एमआरआय करू."

येताना मी एकही खड्डा चुकवला नाही; खांद्यावर बोटं काही रुतली नाहीत. घराचा जिना चढू लागलो. पहिल्या मजल्यावर ती थांबली, मी थांबलो. दुसऱ्यावर तिने कठड्याला पाठ टेकली. माझ्या मनात ती रेघ होती. एवढी बारीक, पण मला डोळे मिटले की तीच दिसत होती. अजून वर्षभर ती आत काय करतेय ते कळणार नाही. आणि वर्षाने पुन्हा ते दार बंद होणार, ते ठोके, तो माइक. हे सगळं मी मनात म्हणत होतो अशी माझी समजूत होती. बहुधा तोंडाने म्हटलं असावं. निदान 'वर्षभराने पुन्हा' एवढं तरी नक्की.

शुभा दम खात माझ्याकडे बघत होती. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "वर्षाने या म्हणाल्या त्या. म्हणजे वर्षभर मी आहे, असं त्यांनी धरलंय. तुम्हीही धरा की."